कौल मागणाऱ्याचा धर्म



सेवाकार्याच्या निमित्ताने परक्या दारात उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येतो. कधी हातात व्यसनमुक्तीची पत्रके असतात, कधी रक्तदान शिबिराचे निमंत्रण, कधी सत्संगाचे. भिलाईच्या नेहरू नगरात असो की आणखी कोणत्या वस्तीत, अनुभव सारखाच येतो. एका दारात पाण्याचा पेला पुढे येतो आणि चहाचा आग्रह होतो. दुसऱ्या दारात जाळीच्या आडूनच "नको" असे उत्तर मिळते. तिसऱ्या दारात आपण तोंड उघडण्याआधीच चार कठोर शब्द ऐकावे लागतात. आपण परत फिरतो, आणि त्या चार शब्दांचे काय करायचे हा प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत येतो.

रक्तदानाच्या पत्रकावरून झालेला अपमान दोन दिवसांत विसरला जातो. पण हातातले पत्रक एखाद्या संपूर्ण प्रदेशाचे भवितव्य ठरवणाऱ्या प्रश्नाचे असेल तर? मतदान एकदाच होणार, उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना आपले सर्वस्व पणाला लागले आहे असे वाटते आहे. अशा वेळी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याने कसे वागावे? अपमान झाला तर त्याचा धर्म कोणता? आणि अशा वेळी सौजन्य ठेवणे हे आपल्या बाजूशी प्रतारणा तर ठरत नाही ना? हा प्रश्न केवळ राजकारणाचा नाही. साधक हा नागरिकही असतो. ध्यानाच्या आसनावर मिळवलेली शांती रस्त्यावर टिकते की नाही, हे अशाच प्रसंगी कळते.

गोव्यातील जनमत कौल

स्वतंत्र भारतात जनतेला थेट प्रश्न विचारून निर्णय घेण्याचे प्रसंग फार थोडे आले. १९४८ मध्ये जुनागढमध्ये आणि १९७५ मध्ये सिक्कीममध्ये असे मतदान झाले. मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा प्रसंग मात्र गोव्याचा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला आणि पुढे प्रश्न उभा राहिला: गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे? १६ जानेवारी १९६७ रोजी त्यावर मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी होती फूल, आणि वेगळे राहण्याची दोन पाने.

दोन्ही बाजूंची माणसे गोव्यावर सारखेच प्रेम करणारी होती. विलीनीकरण मागणाऱ्यांच्या मनात मराठी शाळा होत्या, देवळांतील आरत्या, भजन-कीर्तन आणि नाटके होती. शतकानुशतके ज्या भाषेत देवाला आळवले, त्या भाषेच्या राज्यात जाणे त्यांना घरी परतण्यासारखे वाटत होते. बहुजन समाजातील अनेकांना, कुळांना आणि कष्टकऱ्यांना मोठ्या राज्याचा आधार हवा होता. दुसऱ्या बाजूच्या माणसांना वाटत होते की साडेचारशे वर्षे वेगळ्या इतिहासातून गेलेला हा चिमुकला प्रदेश मोठ्या राज्यात एखादा जिल्हा होऊन हरवून जाईल. घरात आईशी ज्या कोकणीत बोलतो तिला कोणी भाषा मानणार नाही, बोली म्हणून ती बाजूला पडेल, अशी त्यांची धास्ती होती.

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला या दोन्ही भावना समजायला कठीण जाऊ नये. आपली मुले शाळेत हिंदीत बोलतात आणि घरी मराठीत. आपल्या भाषेच्या माणसांत राहावे ही ओढ आपल्याला ठाऊक आहे. मोठ्या भाषेच्या प्रवाहात आपली भाषा पुसली जाईल की काय, ही भीतीही आपल्याला ठाऊक आहे. गोव्यात पहिली भावना फुलाकडे गेली आणि दुसरी पानांकडे. आपल्यासारख्याच्या मनात त्या दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. म्हणून त्या प्रचाराकडे कोणत्याही एका बाजूचा कैवार न घेता पाहणे आपल्याला शक्य आहे.

प्रचार अतिशय तीव्र झाला. वर्तमानपत्रे, सभा, गाणी, पदयात्रा यांनी गोवा ढवळून निघाला. कुटुंबे विभागली गेली. एका बाजूने कोकणीला हिणवले जाई, दुसऱ्या बाजूने मराठीच्या अभिमान्याला परका ठरवले जाई. अशा वातावरणात गावोगाव आणि घरोघर फिरणाऱ्या साध्या कार्यकर्त्याच्या वाट्याला काय आले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. बहुतेकांची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत. पण ज्या दारांत ते उभे राहिले ती दारे त्यांच्याच गावातली, त्यांच्याच नात्यातली होती. मतदान झाल्यावरही त्याच वाटेने त्यांना ये-जा करायची होती.

'कौल' हा शब्द

या मतदानाला 'जनमत कौल' म्हणतात. हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावण्याची जुनी प्रथा आहे. घरात लग्न, जमिनीचा प्रश्न, दूरचा प्रवास असे काही असले की देवाच्या मूर्तीला पाने किंवा फुलाच्या पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात आणि हात जोडून उभे राहतात. पाकळी कोणत्या बाजूची पडते त्यावरून उत्तर समजतात.

या प्रथेवर आपला विश्वास असो वा नसो, तिच्यातली शिस्त पाहा. कौल मागणारा आपला प्रश्न स्पष्ट मांडतो. आपल्याला काय हवे आहे हेही तो लपवत नाही. पण मूर्तीवरची पाकळी तो स्वतः ओढून पाडत नाही. त्याला तिष्ठावे लागते. उत्तर मनाविरुद्ध आले तर तो खिन्न होतो, पण मूर्तीशी भांडत नाही. कारण कौल मागायला येतानाच त्याने एक गोष्ट मान्य केलेली असते: उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही.

मतदाराच्या दारात उभा असलेला कार्यकर्ता याच भूमिकेत असतो. त्याला विचारण्याचा अधिकार आहे, मिळवण्याचा नाही. आपण सर्वांभूती परमेश्वर आहे असे म्हणतो. ते खरे असेल तर दार उघडणारी व्यक्ती, मग ती कपाळाला आठ्या घालून का उघडेना, तिच्या अंतःकरणातही तोच आहे. त्या अंतःकरणाला आपण कौल मागत आहोत. तिथे धाक, लाज, लालूच किंवा अर्धसत्य वापरणे म्हणजे पाकळी हाताने पाडणे होय.

जबाबदारी आधी कोणाची?

अपमान सहन करण्याविषयी आपल्याकडे संतांच्या अनेक कथा आहेत. पैठणला गोदावरीवरून स्नान करून परतणाऱ्या एकनाथ महाराजांवर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि महाराज पुन्हा पुन्हा शांतपणे स्नान करून आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातील क्षमा वंदनीय आहे. परंतु कार्यकर्त्याने ती स्वतःला लागू करताना एक फरक ध्यानात घ्यावा. एकनाथ महाराज आपल्या वाटेने चालले होते. कार्यकर्ता दुसऱ्याच्या उंबऱ्यावर गेलेला असतो. ती व्यक्ती आपल्या घरात होती. कदाचित जेवत होती, आजारी माणसाजवळ बसली होती, दिवसभराच्या पाळीनंतर नुकती आडवी झाली होती. आपण न बोलावता गेलो आणि तिच्या वेळेतला वाटा मागितला. म्हणून सौजन्याची पहिली जबाबदारी दार वाजवणाऱ्याची आहे. दार उघडणाऱ्याने गोड बोलावे ही आपली अपेक्षा असू शकते, हक्क असू शकत नाही.

आपल्या परंपरेत माधुकरी मागणाऱ्याला हे शिकवलेले असे. त्याने दारात उभे राहावे, आवाज द्यावा, थोडा वेळ थांबावे आणि पुढे जावे. रिकाम्या झोळीबद्दल त्याने त्या घराला दोष द्यायचा नाही. माधुकरीने पोट भरत असे, पण तिचे मोठे काम अहंकार झिजवण्याचे होते. घरोघर जाऊन मत मागण्यातही तेच सामर्थ्य आहे, जर आपण ते साधनेच्या भावनेने केले तर. एरवी तेच काम अहंकार फुगवते, कारण प्रत्येक 'हो' हा आपल्याला आपला विजय वाटू लागतो आणि प्रत्येक 'नाही' हा आपला अपमान.

कठोर उत्तरामागे काय असते?

दारात मिळणारे कठोर उत्तर सर्व वेळा एकाच जातीचे नसते. ते ओळखता आले तर आपले अर्धे दुःख कमी होते.

काही कठोरपणा निव्वळ थकव्याचा असतो. त्या दिवशी आपण पाचवे आलेले असतो. अशा वेळी क्षमा मागून, नमस्कार करून निघणे हेच उत्तम.

काही कठोरपणा वेदनेचा असतो. गोव्यातील एखाद्या कुळाने, ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांना जमीनमालकापुढे मान वर करून बोलता आले नव्हते, मालकाच्या बाजूचा वाटणाऱ्या कार्यकर्त्याला दारातून घालवून दिले असेल तर त्याला असभ्य म्हणण्याची घाई करू नये. त्याच्या आवाजात अनेक वर्षांचे मौन होते. आणि ज्या आईच्या बोलीला कोणीतरी सभेत हसले होते, तिने दुसऱ्या बाजूच्या कार्यकर्त्याला कडक बोल लावले असतील तर तेही समजून घ्यावे. वेदनेतून आलेला कठोर शब्द आपल्याला काहीतरी सांगत असतो. तो ऐकला नाही तर आपण त्या दारात जाऊनही गेलो नाही असेच होते.

आणि काही कठोरपणा मात्र गर्वाचा असतो. समोरच्याला खाली दाखवण्यात त्याला सुख वाटते. त्याच्याशी वाद घालण्याने काही साधत नाही. त्याच्याविषयी मनात करुणा ठेवून दूर होणे बरे.

अडचण अशी की घाईत असलेला कार्यकर्ता या तिन्हींना एकच नाव देतो: "विरोधक." मग ऐकणे थांबते.

सौजन्य म्हणजे भिडस्तपणा का?

इथे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे: प्रश्न इतका मोठा असताना गोड बोलत बसायचे का? अन्याय होत असेल तर तोही हसून सोसायचा का? सौजन्याचा उपदेश पुष्कळदा दुबळ्यालाच केला जातो आणि बलवान मात्र मोकळा सुटतो, हे खरे नाही का?

हे खरे आहे. म्हणून सौजन्याचा अर्थ नीट ठरवला पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. तिथे बोलणे दुसऱ्याला न खुपणारे असावे असे सांगितले आहे, पण त्याच जोडीला ते सत्य असावे आणि हिताचे असावे, असेही सांगितले आहे. सत्य गाळून उरतो तो भिडस्तपणा. आपले मत पातळ करणे, खोट्या आरोपावर गप्प बसणे, समोरच्याला बरे वाटावे म्हणून मान डोलावणे याला सौजन्य म्हणत नाहीत. "आपले म्हणणे मी ऐकले, पण ही माहिती बरोबर नाही" हे वाक्य शांतपणे म्हणता येते, आणि म्हटलेच पाहिजे.

विनोबांचे उदाहरण घेऊ. गागोद्यासारख्या लहानशा कोकणी गावात जन्मलेला हा मराठी माणूस १९५१ पासून देशभर पायी फिरून जमीन मागत होता. तुमच्या घरात पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागण्याची रीत होती. सप्टेंबर १९५३ मध्ये देवघर येथील वैद्यनाथ मंदिरात हरिजन बांधवांसह गेले असता त्यांच्यावर हल्ला झाला. विनोबांना मार लागला, त्यांच्या सोबत्यांनाही लागला. मारणाऱ्यांनी हे अज्ञानातून केले, त्यांना शिक्षा होऊ नये, अशी विनोबांची भूमिका होती. परंतु मंदिराचे दार सर्वांना खुले असले पाहिजे या आग्रहापासून ते तसूभरही हटले नाहीत. माणसाविषयी मृदू आणि प्रश्नाविषयी ठाम, या दोन गोष्टी एकाच हृदयात राहू शकतात याचा हा पुरावा आहे.

बलवान बाजूच्या सौजन्याची कसोटी वेगळी असते. गोव्याच्या प्रसंगात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा पक्षच सत्तेवर होता. सत्ता हाती ठेवून कौल घेतला तर तो निर्मळ राहणार नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. राजीनाम्यामागे राजकीय दबाव होता, हे खरे. तरीही सत्तेवरच्या माणसाने खुर्चीवरून उठून समान जमिनीवर उभे राहणे, हेच बलवानाचे खरे सौजन्य. त्याच्या गोड बोलण्याचे मोल त्यापुढे थोडेच.

शारीरिक धोका असेल तिथे मात्र मर्यादा स्पष्ट असावी. ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघात राहावे की नाही यावर सार्वमत होते. मतदानाला एक आठवडा उरला असताना, १६ जून रोजी, जो कॉक्स या तरुण महिला खासदाराची त्यांच्याच मतदारसंघात हत्या झाली. त्या दोन लहान मुलांच्या आई होत्या. त्यानंतर दोन्ही बाजूंनी आपला प्रचार काही काळ थांबवला. द्वेषाच्या शब्दांना जेव्हा कोणी हटकत नाही तेव्हा कुठपर्यंत पोहोचता येते, हे त्या घटनेने दाखवले. म्हणून कार्यकर्त्याने एकट्याने जाऊ नये, धमकी मिळाल्यास वाद न वाढवता बाहेर पडावे, सोबत्याला सांभाळावे, आणि गरज पडल्यास पोलिसांना कळवावे. अशा वेळी मागे फिरणे हा पराभव नव्हे. सूडाची भाषा न करणे एवढेच आपल्या हाती असते.

ऐकण्याचे फळ

ऐकण्याने खरोखर काही घडते का? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोव्हेंबर २००८ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या विवाहाच्या प्रश्नावर जनतेचे मत घेण्यात आले आणि अशा विवाहांच्या बाजूचे लोक हरले. त्या प्रश्नाविषयी आपले मत काहीही असो, हरलेल्यांनी पुढे जे केले ते पाहण्यासारखे आहे. लॉस एंजेलिसमधील काही कार्यकर्ते ज्यांनी विरोधात मत दिले त्यांच्याच दारांत पुन्हा गेले. आता मत मागायचे नव्हते. "तुम्ही असे का ठरवले?" एवढेच विचारायचे होते. अनेक संवादांनंतर त्यांच्या ध्यानात आले की युक्तिवाद आणि आकडेवारी यांनी माणूस फारसा हलत नाही. त्याला दोष न देता त्याचे ऐकले आणि आपलाही अनुभव प्रांजळपणे सांगितला, तर तो स्वतःच विचार करू लागतो. पुढे डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या अभ्यासकांनी मायामी परिसरात याच पद्धतीची शास्त्रीय तपासणी केली. तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह हा तिथला विषय होता. ५६ कार्यकर्ते ५०१ मतदारांशी त्यांच्या दारात सुमारे दहा मिनिटे बोलले. त्या संवादाने पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हे वाचून आनंद होतो, पण साधकाने इथेही सावध असावे. ऐकणे ही मत मिळवण्याची युक्ती झाली की ते ऐकणे राहत नाही. समोरच्याला ते कळते. आपण ऐकावे ते समोरच्याचे म्हणणे खरे असू शकते म्हणून. जो आपले मत बदलण्याची शक्यता मनात ठेवून दारात जातो, त्यालाच दुसऱ्याला मत बदलायला सांगण्याचा नैतिक अधिकार आहे.

गोव्यातील आणखी एक गोष्ट इथे आठवते. विलीनीकरणाविरुद्ध लढणारे मडगावचे 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठी होते. उदय भेंब्रे यांचे त्या काळी गाजलेले 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येत असे. कोकणीच्या अस्मितेसाठी झटणाऱ्यांनी आपले म्हणणे मराठीतून मांडले, कारण ज्यांना पटवायचे होते त्यांच्या वाचनाची भाषा मराठी होती. त्या लेखनात धार होती. पण समोरच्याला समजेल त्या भाषेत बोलणे हीसुद्धा त्याला दिलेली एक प्रतिष्ठाच असते.

दोन दारांच्या मधले अंतर

आता ज्या ठिकाणी आपली खरी परीक्षा होते त्या ठिकाणाकडे वळू. ते ठिकाण दार नव्हे. दारात बहुतेक जण संयम राखतात. चार माणसे पाहत असतात, संस्थेचे नाव असते. परीक्षा होते ती एक दार बंद झाल्यावर आणि दुसरे दार येण्याआधी, त्या वीस पावलांत.

त्या वीस पावलांत आपण सोबत्याशी काय बोलतो? "हे लोक असेच." "यांना अक्कलच नाही." "यांच्या जातीला, यांच्या भाषेला काय कळणार!" हसतहसत उच्चारलेली ही वाक्ये निरुपद्रवी वाटतात. समोरचा ऐकत नसतो, म्हणून त्याचा अपमानही होत नाही. पण आपले अंतःकरण ऐकत असते. सोबत आलेला, पहिल्यांदाच प्रचाराला निघालेला तरुण ऐकत असतो. पुढच्या दारात आपण तोच तुच्छभाव चेहऱ्यावर घेऊन जातो आणि तिथेही कठोर उत्तर मिळाले की म्हणतो, "बघ, मी म्हटलेच होते." मोठे द्वेष फार वेळा असेच गल्लीत, दोन दारांच्या मधे, आपल्याच माणसांच्या सोबतीत वाढतात.

म्हणून त्या वीस पावलांसाठी एक साधना सुचवावीशी वाटते. दार बंद झाले की काही क्षण गप्प चालावे. नामस्मरण करत चालता आले तर उत्तमच. मग सोबत्याला एवढेच सांगावे: "ते काय म्हणत होते ते मला असे समजले." समोरच्याचे म्हणणे त्याच्या पाठीमागे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगता येणे, हे वाणीचे मोठे तप आहे.

दार उघडणाऱ्याचाही धर्म

आपण नेहमीच दार वाजवणारे नसतो. आपल्या दारातही कोणी येते. आपल्याकडे भिक्षेकऱ्यालाही "माफ कर बाबा, पुढे जा" असे म्हणण्याची रीत होती. काही न देणाराही आधी माफी मागे, यात केवढी संस्कृती आहे! आपल्याला न पटणारे पत्रक घेऊन उन्हातून आलेल्या मुलाला किंवा मुलीला "आमचे मत वेगळे आहे, पण पाणी घ्या" असे म्हणायला किती खर्च येतो? जो आपले मत मागायला येतो तो आपल्याला मालक मानून येतो. जिथे मत विचारलेच जात नाही, तिथे कोणी दार वाजवत नाही.

निकालानंतर

गोव्यात ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांचा फरक. वैध मतांचा हिशेब केला तर दर नऊ माणसांमागे साधारण पाच एकीकडे आणि चार दुसरीकडे. म्हणजे नऊ घरांच्या वाड्यात त्या रात्री पाच घरांत आनंद होता आणि चार घरांत चूल पेटवावीशी वाटत नव्हती. विहीर मात्र सर्वांची एकच होती. देऊळ, चॅपेल, बाजार एकच होता.

विलीनीकरणाची आशा धरलेल्यांनी निकाल स्वीकारला. आणि थोड्याच आठवड्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा गोव्याच्या जनतेने पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला बहुमत दिले. ज्या माणसाची मोठी मागणी लोकांनी नाकारली, त्याच माणसाच्या हाती त्यांनी आपला कारभार दिला. तेही वेगळ्या राहिलेल्या गोव्याचे मुख्यमंत्री म्हणून काम करू लागले आणि ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या विरोधात लढलेले डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या पक्षाने विधानसभेत विरोधी बाकांवर बसून आपले काम चालू ठेवले. लोकांचे 'नाही' हे एका प्रश्नाला होते, माणसाला नव्हते. आपण 'नाही' ऐकतो तेव्हा हा भेद विसरतो, म्हणून इतके दुखावतो.

सर्व जखमा भरल्या असे मात्र म्हणता येत नाही. भाषेचा प्रश्न १९८५-८६ मध्ये पुन्हा पेटला, हिंसा झाली, माणसे प्राणांना मुकली. अखेर १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा मान दिला आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर मान्य केला. एखाद्या भाषेला हिणवणारा किंवा एखाद्या माणसाला परका ठरवणारा शब्द मतमोजणीबरोबर संपत नाही. निकालाचा कागद दप्तरात जातो, शब्द घराघरांत राहतो.

आपण सर्व प्रांतांच्या माणसांनी भरलेल्या गावात राहतो. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशभरातील माणसे भिलाईत आली आणि इथलीच झाली. एका रस्त्यावर छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, मराठी दारे शेजारी शेजारी आहेत. इथे सार्वमत नसेल, पण वसाहतीच्या सभेपासून निवडणुकीपर्यंत मत मागण्याचे प्रसंग येतच राहतील. अशा प्रसंगी निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारू या. ज्याच्या दारात जात आहे त्याने 'नाही' म्हटले तरी माझ्या मनातले त्याचे स्थान तेच राहील का? त्याचे म्हणणे मी त्याच्याच शब्दांत सांगू शकेन का? आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे अडचण आली, तर मी पहिला धावून जाईन का?

तिन्ही प्रश्नांना मनापासून होकार आला की पत्रके हाती घ्यावीत. एखाद्याला होकार येत नसेल तर थोडा वेळ आसनावर बसावे आणि मग निघावे. दार कसे उघडेल ते आपल्या हातात नाही. तिथे कोणत्या मनाने उभे राहायचे, तेवढे आपल्या हातात आहे.